सारण कुणी चाखलं?

मी कढई बोलतेय. पण आधी सांगा, तुम्ही कोण? कुणी पाठवलं तुम्हाला? कोपऱ्यावरच्या तेओने तर नाही ना? राग मानू नका. आमच्या घरात ओळख पटल्याशिवाय कुणाशी बोलायची पद्धत नाही, आणि ओळख पटल्यावर तर मुळीच नाही.

बरं, चेहऱ्यावरून तरी साधे दिसता. बसा. त्या पिठाच्या पोत्यावर नको, ते मालकाचं. या स्टुलावर बसा, म्हणजे मला तुमचे दोन्ही हात दिसतील.

मी बिडाची. चीनमधल्या फोशानच्या भट्टीत मातीच्या साच्यात मला ओतलं आणि गार व्हायच्या आतच जहाजावर चढवलं. सोबत माझ्यासारख्याच पुष्कळ होत्या, गवतात गुंडाळलेल्या. वाटेत दोघींना तडे गेले. लाटांनी गेले असं खलाशी म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पिनांगच्या धक्क्यावर एका माणसाने मला बोटाने टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला, पुन्हा मारली, पुन्हा ऐकला, मग दुकानदाराकडे असं पाहिलं की जणू त्याने आवाजसुद्धा खोटा घातलाय. तो माणूस म्हणजे क्वा घराण्याचा आजोबा. मला घर मिळालं ते असं, माझ्याच स्वभावाचं.

घडवणाऱ्याने मला दोन कान दिले आणि तोंड दिलं नाही. म्हणून मी जे ऐकलं ते पोटात ठेवलं. क्वांना अशीच कढई हवी होती.

जॉर्जटाउनच्या या गल्लीत क्वांची भट्टी कुणालाही विचारा. पुढे दुकान, मधे चौक आणि पूर्वजांचा देव्हारा, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक जाड निळा पडदा. आमच्याकडे एकच गोष्ट होते. ताउ सा पिआ, म्हणजे आत मुगाच्या डाळीचं सारण आणि बाहेर पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली गोल बिस्किटं. चावलं की अर्धं तोंडात आणि अर्धं सदऱ्यावर. पापुद्रे लाटतात ते पुढच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, कारण ते बघून कुणाला येत नाही. पण सारण पडद्यामागे. सारण माझ्यात होतं.

सोललेली डाळ वाफवून, वाटून माझ्यात येते. त्याआधी चरबीत लहान लाल कांदे परततात. मग डाळ, साखर, मीठ, मिरी, आणि मग हात भरून येईपर्यंत ढवळणं. यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तेही आम्ही कधी सांगितलं नाही. फार वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला असलेला तेओ नोकरी सोडून गेला आणि त्याने कोपऱ्यावर स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून पडदा दुहेरी झाला. पीठ पुरवणारा, गॅसवाला, मांजर, कुणीही पडद्याजवळ रेंगाळलं की घरातले सगळे बोलायचे थांबतात.

एवढंच कशाला, चुलीवर चूलदेवाचं चित्र आहे ना, त्याच्यावरही माझा डोळा असतो. बाकीच्यांच्या देवांना नवस असतात, आमचा हा वर्षभर चुलीवरून घरातलं बघतो आणि वर्ष सरताना स्वर्गात जाऊन सगळं सांगतो. म्हणून जायच्या दिवशी त्याच्या तोंडाला चिकट गोड फासतात, म्हणजे बोललाच तर गोड बोलेल. बघा म्हणजे. देवाचंही तोंड बंद करणारं घर हे.

आजोबा गेला, त्याचा मुलगा गेला, आणि मी बेंग स्वीच्या हाती आले. त्याला मी रांगताना पाहिलाय, म्हणून त्याला अहोजाहो करणं मला जमत नाही. तर या बेंग स्वीची कांदे परतायची एक तऱ्हा होती. कांदे चरबीत टाकले की तो माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. हात मागे बांधलेले, तोंड भिंतीकडे. बघायचं नाही, असा त्याचा नियम. कांद्याचा रंग फसवतो, वास फसवत नाही, असं म्हणायचा. आणि मग एकाएकी गर्रकन वळून झारा मारायचा. सगळा कांदा एका झटक्यात बाहेर. कधी कच्चा नाही, कधी करपला नाही. त्याची बायको होती तोवर ती हसायची, "कढईशी भांडण झालंय का तुमचं?" म्हणून विचारायची. मला मात्र त्याची ती पाठ आवडायची. या घरात पाठ फिरवून कुणी कुणावर विश्वास टाकला असेल तर तो एकट्या माझ्यावर.

शेवटी सारण झालं की चिमूटभर मनगटाच्या मागच्या बाजूला ठेवून चाटायचा. हूं, म्हणायचा. झालं. चाखायचं ते मालकाने. दुसऱ्या कुणाची जीभ माझ्यात पडायची नाही, हा आजोबापासूनचा नियम.

मग एका वर्षी त्याला ताप आला. ताप बरेच दिवस राहिला. दुकान बंद, मी पालथी. उठला तेव्हा गालफडं बसली होती, पण पहिल्याच दिवशी चुलीपाशी आला. कांदे टाकले. आणि पाठ केली नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा माणूस आज डोळे फाडून माझ्या पोटात बघतोय. का? मला काय झालंय? मी काय केलंय? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कांदा करपला, आणि त्याने गॅसवाल्याला शिव्या दिल्या. गॅसमध्ये भेसळ करतात म्हणे. मनगटावरचं सारण तो चाटायचा, पण हूं फार लवकर यायचा. जीभ तोंडात परत जायच्या आधीच हूं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण ताकास तूर लागू देईल तो क्वा कसला!

आणि नेमकं तेव्हाच पोरीचं सुरू झालं. पोरगी म्हणजे गाइक इम, बेंग स्वीची एकुलती एक. आई गेल्यापासून पुढचं दुकान तीच सांभाळायची. दुपारी सारण माझ्यात निवत ठेवून बेंग स्वी जरा आडवा व्हायचा, तेव्हा ही हळूच पडद्याच्या आत यायची. पायात चपला नसायच्या. इकडेतिकडे बघायची, बोट सारणात बुडवायची, चाखायची, आणि मग ओट्याखालून एक पुडी काढून माझ्यात काहीतरी टाकायची. कधी पुडी नसायची, बाजूला काढलेली कोरी डाळ असायची. कालथ्याने सारखं करायची आणि पुन्हा वरून होतं तसं थापटून ठेवायची.

ओट्यावरची मिठाची बरणी शेजारी असताना ही पुडी कशाला, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, बरणीतलं मीठ किती खाली गेलं हे बाप रोज बघतो. म्हणजे पोरगी त्याच्याही वरताण.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? लग्न ठरलेली मुलगी. सासरचे योह, खाडीपलीकडे बटरवर्थला त्यांचा नूडल्सचा कारखाना. मी डोळ्यात तेल घालून बघत होते. पुडीत मीठ होतं, एवढं मला कळत होतं. पोटात काय पडतं ते कढईला नाही कळणार तर कुणाला? पण मीठ कशासाठी, ते काही उमगेना.

बेंग स्वीला वेगळाच संशय आला, सारणाला कुणाचा तरी हात लागतोय असा. सारण थापटल्यावर तो त्यावर अंगठा दाबून खूण करायला लागला. पहिल्या दिवशी उठून बघतो तर अंगठ्याची खूण गायब. दुसऱ्या दिवशी झोपायला गेलाच नाही, देव्हाऱ्यामागे उभा राहिला.

गाइक इमने पुडी सोडली आणि हा आत शिरला.

"काय टाकलंस?"

"काही नाही, पा."

"काही नाही? मग मुठीत काय आहे? उघड."

तिने मूठ उघडली. पांढरी भुकटी.

"मीठ आहे, पा."

"मीठ? माझ्या सारणात मीठ मी घालतो. तू कोण घालणार? आण इकडे."

त्याने चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. मी पोरीकडे बघत होते. पकडली गेलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, त्यांची नजर दाराकडे जाते. हिची नजर बापाच्या तोंडावर होती. हिला स्वतःची भीती वाटत नव्हती, त्याची वाटत होती.

बेंग स्वीने ती चिमूट या गालातून त्या गालात फिरवली. बराच वेळ. मग गरजला.

"साखर! ची, ए ची, इकडे ये! बघ तुझ्या लाडकीचे प्रताप!"

ची म्हणजे त्याची थोरली बहीण, ग्वात किम. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, हातात कायम जपमाळ. माळ ओढत ती आत आली.

"ओरडतोस कशाला? गिऱ्हाईक उभं आहे बाहेर."

"राहू दे उभं. ही बघ, रोज माझ्या सारणात साखर टाकते. वर मला सांगते, मीठ आहे म्हणून! मी काय दूधखुळा आहे? सारण बिघडवायचं, दुकान बसवायचं, आणि मग नवऱ्याच्या कारखान्यात आमची रीत घेऊन उभं राहायचं. आज नूडल्स, उद्या पिआ! तेओने तरी निदान नोकरी सोडून चोरी केली. हिने घरात राहून केली."

"आ-को, तुम्ही तरी," एवढंच गाइक इम बोलली. आ-को म्हणजे आत्या.

ग्वात किमने बोट ओलं करून भुकटीला लावलं आणि चाखलं. माळ थांबली. भावाच्या तोंडाकडे पाहिलं. ताप आल्यापासून त्याने सुपाला कधी नावं ठेवली नव्हती, चहा गारढोण झाला तरी मुकाट प्याला होता, ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. मग तिने डोळे मिटले.

"साखरच आहे," ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. ही बाई पहाटे उठून देवाचं नाव घेते आणि माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलते! आता हिचा यात काय डाव? तेवढ्यात गाइक इमने मान खाली घातली.

"हो, पा. साखर आहे. चुकलं माझं."

तेव्हा मला कळलं, आणि बिडाच्या पोटातही कळ येते हे त्या दिवशी समजलं. बेंग स्वीची जीभ मेली होती. ताप गेला तो चव घेऊन गेला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण पोरीने ते ओळखलं आणि ती पुडी घेऊन त्याच्या मागोमाग फिरत राहिली, त्याचं उणं भरत, त्याला कळू न देता. आज तिला सांगता आलं असतं. एक शब्द पुरे होता. पण भावाचं तोंड काळं होऊ नये म्हणून आत्या खोटं बोलली, आणि बापाचं तोंड काळं होऊ नये म्हणून पोरीने चोरीचा आळ घेतला.

ग्वात किम चौकात गेली आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्याली. बेंग स्वीला ते दिसलं नाही.

"लग्न होईपर्यंत पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही," तो पोरीला म्हणाला. "आणि लग्नानंतर तर नाहीच नाही."

पोरगी आत यायची थांबली आणि आमची रया गेली. आता तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांचा हात, हाताला माप ठाऊक नसेल का? होतं की! त्याच्या मुठीला मीठ किती घ्यायचं ते झोपेतही कळत होतं. पण त्याचा आता मुठीवरही विश्वास राहिला नव्हता. मीठ घालायचा, ढवळायचा, चाटायचा, आणि जीभ गप्प. मग घातलं की नाही? की कुणी काढून घेतलं? की बरणीत साखर भरून ठेवली कुणी? पुन्हा घालायचा. एखाद्या दिवशी भीतीने अजिबातच नाही घालायचा.

शेजारच्या गल्लीतली बुई म्हातारी एकदा खोका घेऊन परत आली. पडद्यामागे मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"काय रे बेंग स्वी, समुद्र आटवून भरलास का आत?"

"तुमची कवळी बदललीय वाटतं, बाई."

"कवळी तीच आहे. बिस्किट बदललंय. तुझ्या बापाने असलं दिलं असतं तर त्याच्या डोक्यात घातलं असतं मी."

तो तिला हसून काहीतरी बोलला. पण आत आला तेव्हा त्याचा हात भिंतीला टेकला होता. संध्याकाळी म्हणाला, म्हातारीला तेओने पढवून पाठवली असणार. त्यानंतर मीठवाला बदलला. डाळवाला बदलला. संशय घ्यायला एकेक माणूस संपत गेला.

आणि लग्न जवळ आलं. आमच्याकडे लग्नाआधी वरपक्ष बिस्किटं पाठवतो, ती मुलीकडच्या नातलगांत वाटतात, म्हणजे सगळ्यांना कळतं की मुलगी दिली. आता योहांनी बिस्किटं मागवायची ती कुठून? क्वांच्या मुलीसाठी क्वांच्याच भट्टीतून. विकत घेणार सासरचे, भाजणार बाप, खाणार बापाचे भाऊबंद. नवरदेवाच्या आईने येऊन तसा मान दिला, आणि बेंग स्वीने तो छाती काढून घेतला. "माझ्या पोरीच्या लग्नाची बिस्किटं सगळं पिनांग लक्षात ठेवेल," म्हणाला. मी मनात म्हटलं, ठेवेल रे बाबा, त्याचीच तर धास्ती आहे.

कारण या बिस्किटांचा एक नियम आहे. आपल्या लग्नाची बिस्किटं नवरीने खायची नाहीत. कणभरही नाही. खाल्ली तर आपल्या वाट्याचं सुख आपणच खाऊन टाकलं असं धरतात. म्हणजे पोरगी चोरून आत आली असती तरी तिला ही कढई चाखता येणार नव्हती. तिच्या पुडीचा उपयोग संपला होता.

पंचांग बघून दिवस काढला तो नेमका पौर्णिमेचा.

त्या सकाळी बेंग स्वीने नवा सदरा घातला. चूलदेवापुढे उदबत्ती लावली. कांदे टाकले आणि, काय सांगू तुम्हाला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पोरीच्या लग्नाचं सारण, ते जुन्या रीतीनेच व्हायला हवं ना! मी नुसती घाबरून तापत होते. वास सुटला, भरला, टोकाला आला. पाठ हलेना. आता वळ, आता वळ. शेवटी वळला तेव्हा कडेचे कांदे काळे पडले होते. ते त्याने एकेक करून वेचले आणि खिशात घातले. नव्या सदऱ्याच्या खिशात, कुणाला दिसू नयेत म्हणून.

मग डाळ, साखर, मिरी. मीठ घातलं. ढवळलं. हात पुन्हा बरणीकडे गेला आणि थांबला. घातलंस रे, मी ओरडत होते, आत्ताच घातलंस! त्याने आणखी एक मूठ घातली. मनगटावर ठेवून चाटलं. हूं आला नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडून खोटा हूंसुद्धा निघेना.

पडद्यापाशी ग्वात किम उभी होती.

"ची," तो म्हणाला, "जरा चाखतेस का?"

ऐकलंत? आजोबापासूनचा नियम त्याने स्वतःच्या तोंडाने मोडला.

"आज पौर्णिमा. पोरीच्या लग्नासाठी व्रत धरलंय मी. कांदा नाही, चरबी नाही. तुला ठाऊक आहे."

"एक कण गं. त्या दिवशी साखर नाही का चाखलीस!"

ग्वात किमने माळ मुठीत घट्ट धरली.

"साखर नव्हती ती," ती म्हणाली. "मीठ होतं."



"मग साखर का म्हणालीस?"

"तू म्हणालास म्हणून."

"आणि ती? ती का म्हणाली?"

"तीही तू म्हणालास म्हणूनच."

मला वाटलं हा आता चिडणार, बहिणीचंही नाव संशयितांत घालणार. या माणसाला मी ओळखून आहे ना. पण त्याने गॅस बारीक केला आणि हाक मारली.

"आ-इम!"

गाइक इम आली आणि पडद्याच्या बाहेरच थांबली. तिचे पाय मला खालून दिसत होते.

"आत ये."

"तुम्हीच नको म्हणालात."

"म्हणालो होतो. आता ये म्हणतोय."

ती आत आली. डोळे सुजलेले होते. लग्नाच्या मुलीचे असतात तसे की वेगळे, ते मी सांगू शकत नाही. बापाने कालथ्यावर सारण घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मला काही लागत नाही गं," तो म्हणाला. "ताप आल्यापासून. गोड नाही, खारट नाही. माती खाल्ल्यासारखं होतं सगळं. तू चाख."

"ठाऊक आहे, पा."

"ठाऊक आहे म्हणूनच म्हणतोय. चाख."

"पण ही लग्नाची आहेत. मला कशी चालतील?"

खरं होतं ते. व्रताने आत्याची जीभ बांधलेली, नियमाने पोरीची, आणि बापाची तर गेलेलीच. तिघं माझ्याभोवती उभी आणि माझ्या पोटात काय शिजलंय हे सांगणारं कुणी नाही. मी एवढी वर्षं तोंड नाही म्हणून खंत केली नव्हती, त्या दिवशी केली.

बेंग स्वीने कालथा खाली ठेवला नाही.

"ची," तो बहिणीला म्हणाला, "योहांना निरोप पाठव. लग्नाची बिस्किटं क्वांच्या भट्टीतली नसतील."

"शुद्धीवर आहेस का? मग कुणाची असतील?"

"तेओची."

माळ तिच्या हातातून गळून पडली. या घरात ते नाव शिवीसारखंच घेतलं जायचं.

"लोक काय म्हणतील, बेंग स्वी? स्वतःची भट्टी पेटलेली असताना पोरीच्या लग्नाला दुसऱ्याकडची बिस्किटं? तोंड कुठे दाखवशील?"

"इथेच दाखवीन. कुठे जाणार?" मग तो पोरीकडे वळला. "झालं. हे आता लग्नाचं सारण नाही. दुकानाचं आहे. आता चाख."

गाइक इमने बोटाने घेतलं आणि तोंडात घातलं.

"कसं झालंय?" बापाने विचारलं.

तीन पिढ्यांत हा प्रश्न या चुलीपाशी कुणी कुणाला विचारला नव्हता. मला वाटलं ती खोटं बोलणार. प्रेमाने खोटं बोलायची सवय झालेली पोर, आज कशाला बदलेल? तिने गिळलं. बापाकडे पाहिलं.

"खारट," ती म्हणाली. "फार खारट आहे, पा. आणि कांदा करपलाय."

बेंग स्वी त्या पिठाच्या पोत्यावर खाली बसला आणि रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. पोरगी त्याच्यासमोर उकिडवी बसली, पण त्याला हात लावायला धजेना.

"बायकोला सोडलं तर," तो नाक पुसत म्हणाला, "माझ्याशी कुणी खरं बोललं नाही गं. मीच बोलू दिलं नाही." मग उठला. "कोरी डाळ किती लागेल?"

"अर्धं भांडं तरी."

"आण."

दोघांनी मिळून ते सारण सावरलं. ती चाखायची, तो ढवळायचा. त्याने तिला आणखी काही विचारलं नाही आणि चोरीचं तर नावच काढलं नाही. माफी मागायला आमच्याकडे कुणाला येत नाही. पण जाताना ओट्याखालची पुडी त्याने काढली आणि उघड्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

तेओकडे तो स्वतः गेला. मी काही पाहिलं नाही, ग्वात किमने सांगितलं, आणि ती एकदा खोटं बोललेली आहे हे लक्षात ठेवूनच मी सांगते. बेंग स्वीला दारात बघून तेओने म्हणे आधी झटकन आपला पडदा ओढून घेतला. हा हेरगिरीला आला असंच त्याला वाटलं.

"काय पाहिजे?"

"माझ्या मुलीच्या लग्नाची बिस्किटं."

गल्लीतली माणसं थांबून बघत होती. तेओने कपाळाला आठ्या घातल्या. मग हात पुसत बाहेर आला. "मी कांदा जरा कमी परततो," म्हणाला. "तुझ्या बापाला ते कधी आवडलं नाही. चालेल?"

"तू करशील ते चालेल."

गल्लीत महिनाभर तोच विषय होता. क्वांची भट्टी बुडाली, बापलेकीचं फाटलं, योहांनी अपमान केला, हजार गोष्टी उठल्या. बेंग स्वीने एकालाही खुलासा दिला नाही. गाइक इम लाल कपड्यांत निघाली तेव्हा मागच्या दाराने आत येऊन माझ्यापाशी थांबली होती. मला वाटलं माझा निरोप घ्यायला आली. तर सारणात बोट घालून चाखून गेली.

आता ती पलीकडे असते. फेरीबोटीने अधूनमधून येते आणि आली की आधी मागे येते. रोज कशी येणार? तिचंही घर आहे. मी म्हातारी झालेय. तळ पातळ झालाय, डाव्या कानापाशी एक बारीक रेघ उमटलीय. ती तडा आहे की ओरखडा, यावर बेंग स्वी आणि ग्वात किम वाद घालतात, आणि दोघंही मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. म्हणजे तडाच असणार.

पडदा मात्र गेला. सारण निवलं की बेंग स्वी चमचा घेऊन पुढे जातो आणि दारात जो कुणी उभा असेल त्याच्या मनगटावर ठेवतो. पोस्टमन, शाळेची बाई, नुसता सावलीला उभा असलेला माणूस. विचारतो, कसं झालंय? आणि लोक, काय सांगू, लोक त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि छान आहे म्हणतात. कांदा करपलेला असला तरी. मला इथून सगळं ऐकू येतं. ही गोड बोलणारी माणसं मला पूर्वी चोर वाटायची, आता त्यांची फार भीती वाटते, कारण तो त्यांच्यावर विश्वास ठेवतो आणि तसंच भरतो.

म्हणून तुम्हाला थांबवून एवढं बोलले. तुम्ही कोण, कुठून आलात, मला अजूनही ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर पूर्ण भरवसाही नाही. पण आज सकाळी त्याने मीठ दोनदा घातलंय. मी मोजलंय.

तो आलाच बघा चमचा घेऊन. मनगट पुढे करा. आणि त्याने विचारलं तर, तुमच्या पाया पडते, चांगुलपणा करू नका.